बेरजेचा लिमिट समजला, पण अख्ख्या वाटेचा लिमिट म्हणजे नेमकं काय?

गिरणाकाठची (सोम, २१:४०)

नमस्कार मंडळी,

जळगावला एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न अभ्यासक्रमातला आहे, पण उत्तर मला परीक्षेपुरतं नकोय, म्हणून इथे विचारते.

सेंट्रल लिमिट थिअरम समजतो. एकमेकांवर अवलंबून नसलेली, एकाच वितरणाची, मर्यादित प्रचरणाची (प्रचरण म्हणजे व्हेरिअन्स, विखुरण्याचं माप) न चलं घ्या, बेरीज करा, सरासरीचा भाग वजा करा, √न ने भागा. न वाढत गेला की उत्तर नॉर्मलकडे जातं, मूळ वितरण कसंही असो. इथवर ठीक.

या सत्रात स्टोकॅस्टिक प्रोसेसचे (काळाबरोबर यादृच्छिकपणे बदलणाऱ्या राशींचे) लिमिट थिअरम सुरू झाले आणि सुरुवातीलाच डॉन्सकरचं प्रमेय आलं. पहिल्या एकाची बेरीज, पहिल्या दोघांची, पहिल्या तिघांची, अशा न बेरजांचा आलेख काढायचा. आडवा अक्ष न ने आणि उभा √न ने आकसायचा. मग म्हणे तो अख्खा आलेख ब्राउनियन मोशनकडे (सलग, पण प्रत्येक क्षणी यादृच्छिक हलणाऱ्या वाटेकडे) जातो. सिद्धता दोन तुकड्यांत. आधी ठराविक क्षण निवडून त्या क्षणांच्या किमती एकत्रितपणे नॉर्मलकडे जातात हे दाखवायचं, आणि मग टाईटनेस.

पहिला तुकडा तर सेंट्रल लिमिट थिअरमच आहे. मग डॉन्सकरने नवं काय दिलं? आणि कितीही क्षण निवडायची मुभा असताना वर टाईटनेस कशाला लागते?

प्रोजेक्टसाठी गिरणा धरणाचा वार्षिक येवा (वर्षभरात धरणात येणारं पाणी) घेतला आहे. धरण नांदगाव तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात. पण आमचं चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, थेट जळगावपर्यंतचं पाणी त्याच्यावर. तिथे हे प्रमेय कामाला येतं का, हेही सांगा.

धुळेकर_मास्तर (सोम, २२:३१)

ताई, आधी "नवं काय" ते बघू. टाईटनेस नंतर.

नाणेफेक घ्या. छापा आला तर एक रुपया मिळाला, काटा आला तर एक गेला. दहा हजार फेकी. दहा हजाराचं वर्गमूळ १००. खेळ संपताना तुम्ही शंभर किंवा अधिक रुपयांनी पुढे असण्याची शक्यता सेंट्रल लिमिट थिअरम सांगतो: साधारण १६ टक्के.

आता विचारा, खेळ चालू असताना कधीतरी शंभरने पुढे होण्याची शक्यता किती? हा प्रश्न शेवटच्या बेरजेचा नाही, वाटेवरच्या कमाल किमतीचा आहे. उत्तर दुप्पट, साधारण ३२ टक्के. कारण ज्या क्षणी पहिल्यांदा शंभरला शिवलात, तिथून पुढचा खेळ वर जाण्याची आणि खाली जाण्याची शक्यता सारखीच. म्हणून शिवलेल्यांपैकी निम्मेच शेवटी शंभरच्या वर राहतात.

आणखी एक विचारा. एकूण खेळातला किती वेळ तुम्ही पुढे होतात? वर्गात विचारलं की मुलं हटकून "निम्मा" म्हणतात. पॉल लेव्हीने १९३९ मध्ये याचं उत्तर दिलं, त्याला आर्कसाईन नियम म्हणतात. ४५ ते ५५ टक्के वेळ पुढे असण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के. उलट ९० टक्क्यांहून जास्त किंवा १० टक्क्यांहून कमी वेळ पुढे असण्याची शक्यता ४१ टक्के! नाणं पूर्ण निष्पक्ष असून एक गडी जवळजवळ सारा वेळ पिछाडीवर राहतो, ही घटना रोजची आहे.

भुसावळहून निघालेली गाडी नागपूरला किती वाजता पोचली एवढंच शेवटच्या बेरजेतून कळतं. मलकापूरला किती खोळंबली, अकोल्यापर्यंत किती वेळ भरून काढला, हे कळायला अख्खा प्रवास हाताशी लागतो.

एर्डिश आणि कॅक यांनी १९४६ मध्ये अशा मोजक्या राशी घेतल्या (कमाल किंमत वगैरे) आणि दाखवलं की उत्तर मूळ वितरणावर अवलंबून नाही. म्हणजे नाणेफेकीसारख्या सोप्या खेळात काढलेलं उत्तर सगळ्यांना लागू. पण प्रत्येक राशीसाठी सिद्धता वेगळी. डॉन्सकरने १९५१ मध्ये ते एकदाच केलं. आलेखच ब्राउनियनकडे गेला, तर आलेखावरून सलगपणे काढलेली कुठलीही राशी, कमाल, किमान, दोहोंतला फरक, खालचं क्षेत्रफळ, ब्राउनियनच्या त्याच राशीकडे जाते. कष्ट एकदा, मग हवी तेवढी प्रमेयं.

सावदा_एक्सप्रेस (सोम, २२:४४)

वाखूसा (वाचनखूण साठवली). मास्तर, ते ४१ टक्के वाचून दोन वेळा चष्मा पुसला.

यावलची_लेक (सोम, २३:०५)

मास्तर, सुरेख. फक्त एक टाचणी: "किती वेळ पुढे होतात" ही राशी सलग नाही. शून्यावर बराच वेळ पडून राहिलेला आलेख किंचित वर सरकवला की उत्तर एकदम उडी मारतं.

धुळेकर_मास्तर (सोम, २३:१२)

बरोबर. पण ज्या आलेखांवर ती तुटते, त्या आलेखांच्या संचाला ब्राउनियनखाली शक्यता शून्य. ब्राउनियन शून्यावर पडून राहत नाही, तिथे घालवलेल्या वेळाची एकूण लांबी शून्य असते. प्रमेयाला तेवढं पुरतं. ताई, तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, लिहून ठेवा.

पाटबंधारे_निवृत्त (मंगळ, ०७:२०)

सगळं वाचलं. उभं आयुष्य धरणांवर गेलं, म्हणून थोडं परखड लिहितो.

धरणाची क्षमता ठरवताना आम्ही नेमकं मास्तर म्हणतात तेच करतो. १८८३ मध्ये रिपल नावाच्या अभियंत्याने रीत दिली. दरवर्षीच्या येव्यातून सरासरी वजा करायची, फरकांची चढती बेरीज मांडायची, आणि त्या आलेखाची कमाल उणे किमान बघायची. सरासरीइतकं पाणी दरवर्षी न चुकता सोडायचं असेल तर तेवढा साठा लागतो. धरणाला शेवटच्या बेरजेशी घेणं नाही. तळ कधी लागला आणि सांडव्यावरून किती वाहून गेलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून ताईंचा विषय धरणाशी जुळतो हे मान्य.

पण न अनंताकडे जातो म्हणजे काय? माझ्या हातात फार तर पन्नास-साठ पावसाळे. आणि "एकमेकांवर अवलंबून नसलेली" हे गिरणेला कुणी सांगितलं? वाईट वर्षं जोडीने येतात हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. जमीन कोरडी पडली, विहिरी आटल्या की पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस आधी जमीनच पिते, येवा नंतर. वरच्या धरणांनी अडवलेलं वेगळंच. ज्या प्रमेयाच्या दोन्ही अटी इथे मोडतात, त्यावर साठा ठरवायला मी सही करणार नाही.

नंदुरबारचा_पाहुणा (मंगळ, ०८:०२)

भाऊसाहेब, निम्मं डोक्यावरथून गयं, पन वाचाले मजा ऊनी. चालू द्या.

यावलची_लेक (मंगळ, १०:१५)

पाटबंधारे काका, तुमचे दोन्ही आक्षेप खरे आहेत आणि दोन्हींवर या विषयात गंभीर काम झालं आहे.

आधी पन्नास पावसाळ्यांचं. बेरी आणि एसेन यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवलं की नॉर्मलशी असलेली तफावत १/√न च्या वेगाने कमी होते. पुढे ०.४८ पेक्षा लहान स्थिरांक सिद्ध झाला. न ५० असेल तर √न साधारण ७, म्हणून ती हमी फार तर पावणेसात टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि वितरण एका बाजूला कललं असेल तर हमी आणखी सैल. ही कमाल तफावत आहे, प्रत्यक्षात बहुधा बरीच कमी. पण पन्नास वर्षांवरून शंभरात एकदा घडणाऱ्या दुष्काळाची शक्यता थेट नॉर्मलच्या शेपटीवरून कुणी काढत असेल तर काकांनी सही न करणंच योग्य.

आता अवलंबनाचं. मार्कोव्हने १९०६ मध्ये अवलंबून असलेल्या चलांचा अभ्यास सुरू केला तो नेमका याच आग्रहातून, की स्वातंत्र्याशिवायही लिमिटचे नियम टिकतात. पुढे रोझेनब्लाटने १९५६ मध्ये "मिक्सिंग"ची अट मांडली. ढोबळ अर्थ, आजचा दूरच्या काळाशी असलेला संबंध पुरेशा वेगाने विरत जातो. ती आणि तिच्या जोडीच्या अटी पाळल्या तर डॉन्सकरही टिकतो, फक्त प्रचरण बदलतं. एका वर्षाच्या प्रचरणाच्या जागी त्यात पुढच्या सगळ्या वर्षांशी असलेल्या सहप्रचरणांची दुप्पट मिळवून घ्यायची.

आकड्यात सांगते. समजा या वर्षाचा पुढच्याशी सहसंबंध ०.३, त्याच्या पुढच्याशी ०.०९, असा घटत जातो. मग प्रचरण १.३ भागिले ०.७, म्हणजे जवळजवळ १.८६ पट, आणि प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) साधारण १.३६ पट. लागणारा साठा त्याच प्रमाणात वाढतो. काकांची "जोडीने येणारी वाईट वर्षं" म्हणजे ३६ टक्के जास्त साठा. सूत्र कोलमडलं नाही, त्यात एक पद वाढलं.

ताई, तुमच्यासाठी: सरासरी त्याच आकड्यांतून काढून वजा केलीत तर आलेख शेवटी शून्यावर परत येतो, म्हणून लिमिट ब्राउनियन मोशन नसून ब्राउनियन ब्रिज. फेलरने १९५१ मध्ये त्याच्या कमाल उणे किमानची सरासरी दिली: √(πन/२), म्हणजे सुमारे १.२५ गुणिले √न, एका वर्षाच्या प्रमाण विचलनाच्या एककात. शंभर वर्षांसाठी साडेबारा. आकडे एखाद्या वितरणाशी जुळतात का हे बघायला तुम्ही वापरता त्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीतला ५ टक्क्यांचा १.३६ हा आकडाही याच ब्रिजच्या कमाल उंचीवरून येतो. डूबने १९४९ मध्ये अंदाजाने सुचवलं, डॉन्सकरने १९५२ मध्ये पक्कं केलं. (वरचा १.३६ आणि हा १.३६ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोग आहे.)

केळीबाग_रावेर (मंगळ, १३:४०)

मॅडम, माझा प्रश्न साधा आहे. बी.कॉम. केलंय, शेअरबाजारावर वाचलं होतं की भाव म्हणजे रँडम वॉक, प्रत्येक पाऊल नाणेफेकीसारखं. मग केळीचा भाव पण तसाच का? आणि तसा असेल तर बोर्डावरचा भाव बघून कापणी पुढे ढकलण्यात काही अर्थ आहे का?

अमळनेरकर (मंगळ, १४:२५)

केळीबाग भाऊ, मी इथे बाजारावर थोडं काम करतो म्हणून लिहितो.

बॅशेलिए नावाच्या फ्रेंच माणसाने १९०० मध्ये पॅरिसला प्रबंध लिहिला, भावांचा चढउतार ब्राउनियनसारखा धरून. आईनस्टाईनचा ब्राउनियन मोशनवरचा लेख १९०५ चा, म्हणजे बाजार भौतिकशास्त्राच्या पाच वर्षं पुढे होता. पण "भाव रँडम वॉक असतो" यामागे एक अट दडलेली आहे: माल ठेवता आला पाहिजे. पुढच्या महिन्यात भाव वाढणार हे सगळ्यांना दिसत असेल तर लोक आज माल धरून ठेवतात, आणि त्यामुळे भाव आजच वाढतो. उरतं ते फक्त आधी न दिसलेलं. सॅम्युएलसनने १९६५ मध्ये ते गणिताने मांडलं.

कापूस ठेवता येतो. आपल्याकडे घराघरांत खोलीभर कापूस भावाची वाट बघत पडलेला असतो. केळी ठेवता येत नाही. घड तयार झाला की तो थांबत नाही. म्हणून श्रावणाचे उपवास, रमजान, थंडीतली कमी मागणी, हे चढउतार आधीपासून ठाऊक असूनही भावात उरतात. केळीचा भाव निव्वळ रँडम वॉक नाही. लागवडीची तारीख ठरवताना हंगामाचा विचार करण्यात अर्थ आहे, पण पिकलेला घड चार दिवस धरून ठेवण्यात फारसा नाही.

केळीबाग_रावेर (मंगळ, १४:५१)

हे पटलं. आमचे आबा हेच म्हणतात, त्यांनी फक्त सॅम्युएलसनचं नाव घेतलं नव्हतं.

यावलची_लेक (मंगळ, १५:३०)

अमळनेरकर, कापसाचं नाव काढलंत तर एक राहिलंच. मँडेलब्रॉटने १९६३ मध्ये ज्या आकड्यांवरून नॉर्मलला आव्हान दिलं ते कापसाच्या भावांचे होते! त्याचं म्हणणं, मोठे धक्के इतक्या वेळा येतात की प्रचरण मर्यादित मानताच येत नाही. प्रचरण अमर्याद असेल तर √न ने आकसून भागत नाही. न चा ½ पेक्षा मोठा घात लागतो, आणि लिमिट ब्राउनियन नसून लेव्हीची स्टेबल प्रोसेस. तिच्या आलेखात खऱ्याखुऱ्या उड्या असतात. ब्राउनियनमध्ये कुठलाही एक धक्का एकूण बेरजेपुढे नगण्य, इथे एकटा धक्का बेरजेचा मोठा वाटा उचलतो.

उड्या आल्या की दोन आलेख "जवळ" कधी म्हणायचे हेही बदलावं लागतं. एकाची उडी दुपारी बाराला आणि दुसऱ्याची बारा वाजून एका मिनिटाने, तर त्या एका मिनिटात दोघांतलं अंतर उडीएवढं. स्कोरोखोदने १९५६ मध्ये वेळ किंचित ताणायची-आवळायची सूट देऊन जवळिकीची नवी व्याख्या केली. अभ्यासक्रमात जी "डी स्पेस" येते ती इथून.

भावांबाबत पुढच्या अभ्यासांचा कौल मात्र प्रचरण मर्यादित आहे, शेपटी जाड आहे आणि अस्थिर दिवस घोळक्याने येतात, असा पडला. कापसाने प्रश्न मात्र अचूक उभा केला.

भुसावळ_यार्ड (मंगळ, १९:१०)

रांगांचं कुणीच काढलं नाही. लिमिट थिअरमचा सगळ्यात रोखठोक उपयोग तिथे आहे.

एकच खिडकी किंवा एकच वजनकाटा. येणारे अनियमित, प्रत्येकाला लागणारा वेळ अनियमित. काटा ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या ४ पट. ९० टक्के असेल तर ९ पट, ९५ टक्के असेल तर १९ पट. (दोन्हीकडची अनियमितता मध्यम धरून, जास्त असेल तर आणखी.) किंगमनने १९६१ मध्ये दिलेलं सूत्र आहे. गर्दी शंभर टक्क्यांकडे सरकते तशी रांगेची लांबी योग्य प्रमाणात आकसली की तिचा आलेख शून्यावर आपटून परत फिरणाऱ्या ब्राउनियनकडे जातो. येणाऱ्यांच्या वेळा नेमक्या कुठल्या वितरणाच्या, याला मग महत्त्व उरत नाही. सरासरी आणि प्रचरण एवढंच पुरतं.

कापूस खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली की लोक म्हणतात, "काटा तर सारखा चालू होता, एक मिनिट बंद नव्हता." रांग लागायचं तेच कारण आहे! काटा थोडा रिकामा राहील एवढी क्षमता ठेवली तरच रांग आटोक्यात राहते. दुसरा उपाय, टोकन देऊन वेळा वाटून द्यायच्या, म्हणजे येण्यातली अनियमितता कमी. सूत्रात दोन्ही जागा स्पष्ट दिसतात.

सावदा_एक्सप्रेस (मंगळ, १९:३३)

आता लग्नातल्या भरीत-पुरीच्या रांगेवर पण एक प्रमेय होऊन जाऊ द्या. कळण्याची भाकरी मी आणतो.

भुसावळ_यार्ड (मंगळ, १९:४०)

तिथे येणारे एकमेकांवर पूर्ण अवलंबून. एक मामा उठला की अख्खी पंगत उठते. मिक्सिंगची अट पहिल्याच घासाला मोडली.

पाटणादेवीचा (मंगळ, २१:०५)

अवांतर आहे, पण खान्देशात गणिताचा धागा निघाला आणि पाटणचं नाव नाही हे बरं दिसत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात शिलालेख आहे, भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. गणित शिकवण्यासाठी जमीन, उत्पन्न लावून दिलेली संस्था, आठशे वर्षांपूर्वी, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी!

नंदुरबारचा_पाहुणा (मंगळ, २१:२०)

तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव गाव, ते याच चांगदेवांचं का?

पाटणादेवीचा (मंगळ, २१:२८)

नाही भाऊ. ते मुक्ताबाईंचे शिष्य, योगी चांगदेव. हे सिंघण यादवाच्या दरबारचे ज्योतिषी. नाव एक, माणसं दोन.

पाटबंधारे_निवृत्त (बुध, ०७:०५)

यावलची लेक, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. ते वाढीव पद मला मान्य. पण आमच्या शास्त्रात त्याहून जुनी एक ठेच आहे. हर्स्ट नावाचा इंग्रज इजिप्तमध्ये नाईलवर अनेक दशकं काम करत होता. रोडा बेटावरच्या नीलमापकाच्या (नाईलची पातळी मोजायच्या खांबाच्या) सातव्या शतकापासूनच्या नोंदी त्याला मिळाल्या. त्याने १९५१ मध्ये मांडलं की कमाल उणे किमान हा आकडा √न ने वाढत नाही, न च्या साधारण ०.७३ व्या घाताने वाढतो. नुसती नाईल नाही, इतर नद्या, पाऊस, झाडांची वलयं, सगळीकडे तेच. त्याच्या सूत्राने शंभर वर्षांना साडेबाराऐवजी सतराच्या आसपास येतं. म्हणजे तुमच्या ३६ टक्क्यांएवढंच. पण हजार वर्षांना फरक आणखी मोठा, आणि तो वाढतच जातो. मग तुमची मिक्सिंगची अट कुठे गेली?

यावलची_लेक (बुध, ११:४८)

काका, हा या विषयातला सगळ्यात सुंदर वाद आहे, आणि तो नदीतून आला याचं मला फार अप्रूप आहे.

एक उत्तर मँडेलब्रॉट आणि व्हॅन नेस यांचं, १९६८ चं. सहसंबंध इतके सावकाश विरतात की त्यांची बेरीजच अमर्याद. मग "पद वाढवून" भागत नाही. लिमिट फ्रॅक्शनल ब्राउनियन मोशन, आणि आकसायचा घात ½ नव्हे, हर्स्टचा.

दुसरं उत्तर रबी भट्टाचार्य, गुप्ता आणि वेमायर यांचं, १९८३ चं. स्मृती अल्पकाळाचीच ठेवा, पण सरासरीच काळाबरोबर सावकाश सरकत असेल तरी हर्स्टचा घात उगवतो. म्हणजे आलेखावरून फक्त घात मोजून "नदीला दीर्घ स्मृती आहे" असं म्हणता येत नाही. पाऊसमान बदललं असेल, वर बंधारे झाले असतील, पाणलोटातलं पीक बदललं असेल, तरी तोच घात दिसेल.

गिरणेच्या बाबतीत माझा कल दुसऱ्याकडे आहे. वर चणकापूर आहे, आणखी धरणं आहेत, उपसा वाढत गेला. ताई, आधी येव्याच्या मालिकेत तुटण्याच्या जागा शोधा. कुठल्या वर्षी वर काय बांधलं हे काकांसारख्या माणसाला विचारा. ते न करता हर्स्ट घात मोजलात तर आकडा येईल, अर्थ येणार नाही.

धुळेकर_मास्तर (बुध, १२:३०)

यात आपल्या वरदनांचं नाव यायला हवं. जन्म चेन्नईचा, १९४० चा, पीएच.डी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून, पुढे न्यूयॉर्क, आणि २००७ चं आबेल पारितोषिक. वर शंभरात एकदाच्या दुष्काळाबद्दल लिहिलं आहे, ते त्यांचं क्षेत्र: लार्ज डेव्हिएशन. सरासरीपासून √न च्या अंतरावर काय घडतं ते सेंट्रल लिमिट थिअरम सांगतो, न च्या अंतरावर काय घडतं ते हा सिद्धांत. तिथे मूळ वितरण पुन्हा डोकं वर काढतं, म्हणून नॉर्मलची शेपटी तिथे चालत नाही. आणि त्यांनी १९७५ पासूनची गाजलेली लेखमाला ज्यांच्याबरोबर लिहिली ते कोण? हेच डॉन्सकर. ताईंच्या फळ्यावरचं नाव आणि चेन्नईचा मुलगा एकाच शीर्षकाखाली छापले गेले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

तापीकाठ_भुसावळ (बुध, १३:१५)

आणि पूर? हतनूरचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्याकडे नदीकाठची माणसं जागी राहतात. त्याला पण बेरजेचंच प्रमेय का?

यावलची_लेक (बुध, १३:५०)

नाही. पुरात बेरीज नाही, वर्षातला सर्वांत मोठा विसर्ग महत्त्वाचा. त्याचे लिमिट वेगळे: फिशर आणि टिपेट, १९२८, ग्नेडेंको, १९४३. नॉर्मलच्या जागी फक्त तीन प्रकारची वितरणं शक्य असतात, आणि शेपटी जाड की बारीक यावर त्यातलं कुठलं ते ठरतं. पुराच्या पाण्याला पुलाखालून किती जागा ठेवायची हे त्यावरून काढतात.

गिरणाकाठची (बुध, २१:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रश्न सुटला. मला शेवटची बेरीज नको होती, कमाल उणे किमान हवं होतं, आणि त्यासाठी अख्खा आलेख लागतो. काका, वरच्या धरणांची वर्षं तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारते.

टाईटनेस मात्र अजून अडकली आहे. हवे तेवढे क्षण निवडता येतात, प्रत्येक ठिकाणी लिमिट बरोबर. मग आलेख निसटतो कुठे?

धुळेकर_मास्तर (बुध, २१:४२)

क्षणांच्या मधे निसटतो.

शून्य ते एक या काळात एक जागा यादृच्छिकपणे निवडा. तिथे उंची १ चा त्रिकोण उभा करा, पाया १/न रुंद. बाकी सगळीकडे शून्य. आता तुम्ही आधीच कुठलेही दहा क्षण निवडा, नाहीतर दहा हजार. न वाढेल तसा त्रिकोण अरुंद होत जातो आणि तुमच्या क्षणांपैकी एखादा त्याच्या पायात सापडण्याची शक्यता शून्याकडे जाते. म्हणजे पहिला तुकडा पूर्ण झाला, लिमिट सपाट शून्य. पण कमाल किंमत? प्रत्येक न ला १, आणि सपाट शून्याची कमाल ०. म्हणजे कमाल हाती लागलीच नाही, आणि तुम्हाला हवी होती तीच.

टाईटनेस हे असले सुळके बंद करते. अट अशी: वेळ थोडा सरकला तर आलेख फार हलणार नाही, आणि ही खात्री सगळ्या न साठी एकाच मापाने. एकेका न साठी वेगळं माप चालत नाही, कारण त्रिकोणही प्रत्येक न ला सलगच आहे. प्रोखोरोव्हने १९५६ मध्ये दाखवलं की एवढं असलं की प्रत्येक उपक्रमातून (सबसिक्वेन्स, म्हणजे क्रमातली काही पदं निवडून केलेला क्रम) लिमिट गाठणारा आणखी एक उपक्रम काढता येतो. मग तुमचा पहिला तुकडा सांगतो की ते सगळे लिमिट एकच आहेत. दोन तुकडे मिळून सिद्धता.

पाटबंधारे_निवृत्त (बुध, २१:५८)

हे मला कामावरून ठाऊक आहे. सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक अशी पातळीची नोंद, आणि पूर मधल्या तीन तासांत येऊन गेलेला. दोन्ही नोंदी अचूक, कमाल विसर्ग हुकला. म्हणून पावसाळ्यात तासातासाला मोजतो.

यावलची_लेक (बुध, २२:१०)

काका, नेमकं हेच. ताई, डॉन्सकरमध्ये सुळका का येत नाही ते स्वतः सोडवून बघा: एका पावलाची उंची √न ने भागल्यावर शून्याकडे जाते, पण तेवढं पुरत नाही. न च्या एका लहान भागातल्या सगळ्या पावलांची कमाल बेरीज आवरावी लागते. त्यासाठी एटेमाडी किंवा कोल्मोगोरोव्हची कमाल असमानता वापरा. अडलं तर तुमची सिद्धता इथेच टाका, फोटो नको, टंकून.

गिरणाकाठची (बुध, २२:२५)

टाकते. शनिवारपर्यंत वेळ द्या, उद्यापासून मेहुणबाऱ्याला मावशीकडे लग्न आहे.

सावदा_एक्सप्रेस (बुध, २२:२७)

पंगतीचे आकडे घेऊन या.